मिठाच्या डब्याचं झाकण

४ मार्च

डावरे,

हे पत्र फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, निरोप पाठवले तर ते वाचल्याची खूण येते आणि पुढे सगळं चिडीचूप. मग हा जुना मार्ग उरला. पत्र मध्येच कापता येत नाही, एवढा त्याचा फायदा.

मी बरी आहे. म्हणजे जेवते, आंघोळ करते, लोकांवर ओरडते. परवा पिठाची गोणी ओल्या जागी ठेवली म्हणून गोणीवाल्याला झापलं, तर तुझी भाची दारात उभी राहून रडायला लागली. म्हटलं, अगं त्याला बोलले, तुला नाही. तर म्हणते, आई, किती महिन्यांनी ओरडलीस.

मला विजेचे उपचार दिले, हे तुला माहीत असेलच. शॉक म्हणतात ते. लोकांना वाटतं तसं बांधून वगैरे काही नसतं. हाताला सुई टोचतात, भूल चढते, आणि डोळे उघडावेत तर सगळं आटोपलेलं. जबडा दुखतो, डोकं ठणकतं, चहा मिळतो. तो चहा मात्र भयंकर असतो.

पण मधले महिने गेले. कुठे गेले विचारू नकोस. मला शेवटचं नीट आठवतं ते हे, की आपण बेकरीला निळा रंग द्यायचं ठरवलं होतं. रंगाचे डबे मागच्या खोलीत आणून ठेवले होते आणि तू म्हणालीस, ‘ताई, हा निळा फार औषधाच्या दुकानासारखा दिसेल.’ मी म्हटलं, दिसू दे. आता बेकरी निळी आहे, आणि खरंच औषधाच्या दुकानासारखी दिसते. रंग कुणी दिला? लेक म्हणते, तुम्ही दोघींनीच. तुझ्या केसांत कितीतरी दिवस निळे ठिपके होते म्हणे. मला ते ठिपके आठवत नाहीत, आणि त्याचं इतकं वाईट वाटतं की काय सांगू.

त्यानंतर मी आजारी पडले, हॉस्पिटलात गेले, परत आले, आणि तू नाहीस. आयुष्यभर माझ्या शेजारी उभी राहून पीठ मळणारी माझी सख्खी बहीण एकाएकी नाही. मी काय केलं गं? काय बोलले? लेकीला विचारलं की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. काहीतरी भयंकर बोलले असणार, हे मला कळतं. माझी जीभ मला माहीत आहे. पण निदान काय बोलले ते सांग, म्हणजे त्याची माफी मागता येईल. काय केलं तेच ठाऊक नसताना माणूस माफी कशाची मागणार?

आता कामाचं. लेकीची नोकरी दुसऱ्या शहरात लागली, पंचवीस तारखेला ती जाते. माझे उपचार संपलेले नाहीत. आता अंतर वाढवत वाढवत द्यायचे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, अर्धवट सोडलंत तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडाल. आणि दर वेळी सोबत घरचं माणूस लागतं. भुलीच्या आधीपासून ते दुसऱ्या दिवसापर्यंत त्यानं माझ्याजवळ राहायचं. सोबत कुणी नसेल तर सुई टोचतच नाहीत, दारातूनच परत पाठवतात. लेकीच्या बाबांना जाऊन वर्षं झाली, आता घरचं म्हणावं असं तूच उरलीस.

सव्वीसला, गुरुवारी सकाळी. मला तू हवी आहेस. झालं, बोलले एकदाचं.

तुझी ताई


९ मार्च

डावरे,

लेक म्हणते मी तुला आधीच एक पत्र लिहिलंय. मला पत्राचा लिफाफा आठवतो, त्याच्या कडेचा जिभेनं ओला केलेला गोंद आठवतो, आत काय लिहिलं ते नाही. तेव्हा तेच पुन्हा आलं तर हसू नकोस. किंवा हस. तू हसल्याचं मला कुणीतरी कळवलं तरी पुरे.

शुद्धीवर येते तेव्हा तिथली मोठी नर्स विचारते, नाव काय, आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात. अंगानं जाडजूड आहे, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. नाव मी लगेच सांगते. वाराला अडते. मागच्या वेळी तिनं विचारलं, सोबत कोण आलंय? मी म्हटलं, बहीण. ती म्हणाली, मुलगी आलीय हो तुमची. माझ्या तोंडून बहीण का आलं ते मला माहीत नाही. लेकीनं ते ऐकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बेकरीत जायला लागलेय. खरं सांगू, मला भीती होती. पण हातांचं काहीच बिघडलेलं नाही. पिठात हात घातला आणि त्यांना सगळं ठाऊक. पाणी किती, कधी थांबायचं, गोळा कधी ‘झाला’ म्हणायचा. डोक्याला विचारलं असतं तर त्यानं हात वर केले असते. गल्ल्याच्या यंत्राचा आकडा विसरले, नवा ओव्हन कसा पेटतो ते विसरले. नवा ओव्हन घेतलाय हेच मुळी विसरले होते. पहिल्या दिवशी आत शिरून ओरडले, हे धूड कुणी आणलं? लेक म्हणाली, तूच, मावशी नको म्हणत होती. मावशीचं बरोबर होतं. एका बाजूनं जास्त भाजतो मेला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, जे कराल ते मोठ्यानं बोलून करा, म्हणजे डोक्यात राहतं. म्हणून मी हल्ली एकटीच बडबडते. पीठ ओतलं. यीस्ट घातलं. मीठ घातलं, झाकण उलटं केलं.

झाकणाचं तुला काय सांगायचं, पण लिहिते, मोठ्यानं बोलल्यासारखं. आईची पद्धत. मीठ घालणारीनं डब्याचं झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे दुसरीला कळतं की पडलंय, आता तू घालू नकोस. पाव भट्टीत गेले की झाकण पुन्हा सुलटं. एवढी साधी गोष्ट. आईनं आपल्याला कधी समजावून सांगितली नाही, एकदा तू दुसऱ्यांदा मीठ घातलंस तेव्हा तुझ्या त्या डावऱ्या हातावर लाटण्यानं एक बसली, आणि दोघींनाही कायमचं समजलं. बघ, हे आठवतं. चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आहे. परवाचंच तेवढं पुसलंय.

एकटीनं काम करताना झाकण उलटं करायची गरज नसते, हे कळतं मला. तरी करते. तू असल्यासारखं वाटतं.

ताई


१३ मार्च

डावरे,

आज सगळा घाणा अळणी गेला.

सकाळी आले तर झाकण उलटं. मला वाटलं मीठ घालून झालं. मग वाटलं, अगं आत्ताच तर आलीस तू, कधी घातलंस? मग वाटलं, आत्ताच आले की मघाशी आले? डावरे, मी परातीसमोर उभी राहिले आणि मला सांगता येईना की मी आत्ता आलेय की मघाशी. पीठ चाखून बघावं एवढी साधी अक्कल सुचली नाही. झाकण उलटं आहे ना, मग पडलंच असणार, असं म्हणून मी पाव लावले. झाकण कालचं होतं. काल पाव भट्टीत गेल्यावर ते सुलटं करायचं राहिलं होतं.

गिऱ्हाइकांनी परत आणून दिले. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, ‘ताई, पाव आहे का कापूस?’ मी हसले. हसता हसता मागच्या खोलीत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

आणि एवढ्यावर भागलं नाही. दुपारी शिवणकामवाली शेजारीण आली. मी तिला नेहमीसारखं विचारलं, ‘कसे आहेत तुमचे यजमान, पाय बरा का?’ तिचा नवरा हिवाळ्यात गेला, डावरे. मी त्यांच्याकडे गेले होते म्हणे, तिला जवळ घेऊन बसले होते, आणि घरी येऊन तुझ्याजवळ रडले होते. ती बाई इतकी चांगली की म्हणाली, ‘असू दे, तुमच्यापुरते ते अजून जिवंत आहेत, बरं वाटलं.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी ठरवलंय. हे उपचार मी थांबवणार. डॉक्टरीणबाईंना आज फोनवर तसं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, हाच त्यांच्यातला वाईट गुण आहे. म्हणाल्या, ‘ज्या आठवणी उपचारांच्या आसपासच्या आहेत त्या जातात, काही परत येतात, काही येत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं. आपण डोक्याच्या एकाच बाजूनं देऊ, त्यात विसरणं कमी होतं. पण मध्येच सोडू नका. तुम्ही आलात तेव्हा कशा होतात ते तुम्हाला आठवत नाही. मला आठवतं.’

हेच तर! मी कशी होते ते सगळ्यांना आठवतं, माझं मलाच नाही. म्हणे पाणीसुद्धा पीत नव्हते. म्हणे ओठ फुटले होते. कुणा तिसऱ्याच बाईची कागाळी सांगावी तसं मला सांगतात, आणि मी मान डोलावते. त्या बाईच्या भीतीनं मी माझी आजची बाई रोज थोडी थोडी द्यायची का?

पण खोटं कशाला बोलू. काल संध्याकाळी खुर्चीत बसले होते आणि उठावंसं वाटेना. नुसतं तेवढंच. लेक दिवा लावायला आली तेव्हा मला कळलं की केव्हाचा अंधार पडलाय. मला त्या खुर्चीची धास्ती बसलीय, डावरे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, त्यातलं माझं झालंय, आणि मला हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. लेकीला सांगितलं तर ती नोकरी सोडेल.

तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘ताई, नाटकं पुरे, कोट घाल.’ तसं म्हणणारं कुणीतरी मला पाहिजे.

ताई


१८ मार्च

तुझ्या दाराशी आले होते.

आत रेडिओ चालू होता. मी बेल वाजवली आणि रेडिओ बंद झाला. मी दुसऱ्यांदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली नाही, कारण तू दाराच्या पलीकडेच उभी होतीस. तुझा श्वास मला कळतो. लहानपणी एका पलंगावर झोपलोय आपण, रोज रात्री तुझ्या लाथा खाल्ल्यात मी.

‘डावरे, दार उघड,’ म्हटलं. नाही उघडलंस. ‘निदान दारातून शिव्या तरी घाल,’ म्हटलं. तेही नाही. वरच्या मजल्यावरचा म्हातारा जिन्यात येऊन बघायला लागला. भिकाऱ्यासारखी उभी होते मी तुझ्या दारात, त्याच्यादेखत.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मी काय केलंय असं? खून केलाय का कुणाचा? केला असेल तर तेही सांग, बाई, मला आठवत नाही! आजारी माणसाला त्याचा गुन्हा न सांगता शिक्षा करायची, ही कुठली रीत? आई असती तर तुझ्या दोन्ही हातांवर लाटणं बसलं असतं.

सव्वीसला यायची तसदी घेऊ नकोस. मी जाणारच नाहीये. पडेन भिंतीकडे तोंड करून. मग ये बघायला.


२० मार्च

डावरे,

लेकीनं सांगितलं.

परवाचं पत्र टाकून घरी आले ते तणतणतच. मावशीचं नाव पुन्हा काढायचं नाही म्हटलं, तशी ती एकदम खाली बसली. म्हणाली, ‘आई, तिला काही बोलू नकोस, मी आता सांगितलं नाही तर मला पाप लागेल.’

मी जसं ऐकलं तसं लिहिते. चुकत असेन तर तू सांग, तूच तिथे होतीस.

मी पाणीही घेईनाशी झाले होते. तू उशाशी बसून होतीस, हॉस्पिटलात चल म्हणून विनवत होतीस. मी म्हणत होते, तिथे डोक्यातून वीज घालतील आणि माझ्या जागी दुसरीच कुणीतरी परत पाठवतील. मग एकदा मी मान वळवली आणि म्हणाले, ‘जाते. पण एका अटीवर. नंतर जी येईल, तिला दारात उभी करायची नाहीस. ती माझ्याच आवाजात बोलेल, पत्रं लिहील, रडेल, गोड गोड बोलेल. ऐकायचं नाही. ती मी नसेन. माझी बहीण तिला मिळता कामा नये. घे माझ्या गळ्याची शपथ.’

आणि तू घेतलीस. लेक म्हणते, तू क्षणभरही थांबली नाहीस. म्हणालीस, ‘घेतली. ऊठ आता, कोट घाल.’ घाईत तू माझी बटणं वरखाली लावलीस आणि ती तशीच राहिली. हॉस्पिटलच्या आतल्या दारापर्यंत माझा हात धरून आलीस आणि तिथे सोडलास. मी आत होते तेवढे सगळे दिवस बेकरी तू चालवलीस, आणि मी घरी यायच्या सकाळी झाकण सुलटं करून, कुलूप लावून निघून गेलीस.

मी ओट्यावर डोकं टेकून रडले. लेक म्हणाली, आई, पुन्हा आजारी पडतेस की काय. म्हटलं, नाही गं, हे निरोगी रडणं आहे.

डावरे, तू मला जिवंत ठेवण्यासाठी मलाच देऊन टाकलंस. असा सौदा कोण करतं? आणि वर मी तुझ्या दारात येऊन तमाशा केला, आणि तू पलीकडे उभी राहून तो ऐकलास, कारण मी आधीच सांगून ठेवलं होतं की ती येईल, रडेल. कसं उभं राहवलं तुला?

आता त्या शपथेचं बघू. लहानपणी आपला नियम होता, जिनं शपथ घातली तिनंच ‘सुटली’ म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. तू त्यालाच धरून बसली असशील, मी ओळखते तुला. तुझं म्हणणं, शपथ घालणारी ती होती आणि सोडवायला आलीय ही. मग पुरावा दे म्हणशील. तर ऐक. ती म्हणाली होती, नंतरची गोड गोड बोलेल. माझी पत्रं काढ आणि बघ. आहे त्यात एक तरी गोड वाक्य? तुला झापलंय, गोणीवाल्याला झापलंय, ओव्हनला मेला म्हटलंय, हॉस्पिटलच्या चहाला नावं ठेवलीत. विजेनं माझा हिवाळा नेला असेल, माझं तोंड नेलेलं नाही.

ती पलंगावरची बया कोण होती ते मला आठवत नाही. मी तिच्यावर चिडलेय, आणि मला तिची कीवही येते. किती घाबरली असेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, ती तुम्हीच, फक्त बोलत होता तो आजार. असेल. पण तिचा गळा तो माझाच गळा ना? मग त्या गळ्यानं सांगते, सुटली. शपथ सुटली. सुटली, सुटली, सुटली.

मी गुरुवारी जाणार आहे. डॉक्टरीणबाईंना कळवलंय. तू आलीस तर सुई टोचतील, नाही आलीस तर परत पाठवतील. तुझ्यावर दडपण आणायचं नाही असं ठरवून बसले होते, पण दडपण आणणं हाच माझा स्वभाव आहे. ये गं.

ताई


२५ मार्च

डावरे,

लेकीला गाडीत बसवून आले. ती शेवटपर्यंत उतरते उतरते म्हणत होती. मी म्हटलं, मावशी येणार आहे, सगळं ठरलंय. धडधडीत खोटं बोलले. तिचा जीव भांड्यात पडला. आता ते खोटं खरं करणं तुझ्या हातात आहे.

उद्या हॉस्पिटलात जायच्या आधी मी बेकरीत जाणार. उपाशीपोटी जायचं असतं, आणि घरी उपाशी बसून घड्याळाकडे बघत राहिले तर वेड लागेल. एक लहानसा घाणा लावीन. पाव भाजायचे आणि खायचे मात्र नाहीत, ही परीक्षाच आहे, पण हातांना काम पाहिजे.

कुलूप बदललेलं नाही. किल्ली तुझ्याकडे आहेच. दारात उभं करायचं नाही असं शपथेत होतं ना? मग तुझं दार नको, बेकरीचं दार आईचं आहे.

मी तुझ्या उत्तराची वाट बघणं सोडून दिलंय असं लिहिणार होते. सोडलेलं नाही. हे पत्र तुझ्या दाराखालून स्वतः सरकवायला येतेय. बेल वाजवणार नाही.

ताई


२६ मार्च

डावरे,

हे लिहिते आहे तेव्हा तू माझ्यासमोरच्या खुर्चीत झोपलेली आहेस. तोंड उघडं, चप्पल एका पायात. मी तुला उठवू शकते. पण मला आधी लिहून काढायचंय, कारण आजचं काही माझ्याजवळ राहील याचा भरवसा नाही.

मघाशी डोळे उघडले तर मोठी नर्स समोर. नाव विचारलं, सांगितलं. वार विचारला, गुरुवार म्हटलं, बरोबर आला. मग तिनं विचारलं, ‘सोबत कोण आलंय?’

आणि डावरे, मला काहीच माहीत नव्हतं. काल लेकीला गाडीत बसवलं, घरी आले, तिथपर्यंत आहे. पुढे एकदम हे छत. मला वाटलं कुणीच आलेलं नाही, मला परत पाठवताहेत, हा पलंग म्हणजे परत पाठवायच्या आधीचा पलंग आहे. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की ती यंत्राकडे बघायला लागली. मी म्हटलं, ‘कुणी नाही हो. येईल असं वाटलं होतं.’

ती म्हणाली, ‘अहो, असं काय! सकाळपासून तुम्ही दोघींनी उच्छाद मांडलाय इथे.’

तिनं सांगितलं ते असं. आपण दोघी हातात हात घालून आलो, आणि दारापासून भांडत आलो. तू म्हणत होतीस, ‘शपथ मी मोडलीय, तू सोडवलेली नाहीस, उगाच फुशारकी मारू नकोस.’ मी म्हणत होते, मी सोडवली. कुणीतरी गप्प बसा म्हटलं. मग तू माझ्या कोटाची बटणं उघडून पुन्हा लावलीस, आणि आपण दोघी एकदम हसायला लागलो ते थांबेचना. ‘भूल द्यायला उशीर झाला तुमच्यामुळे,’ नर्स म्हणाली. रागावलेली नव्हती. मी तिला विचारलं, आधी कोण रडलं? ती म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा.

मी मान वळवली तर तू इथे.

सगळी सकाळ गेली, डावरे. जिची एवढी वाट बघितली ती सकाळ आली आणि विजेनं तीच नेली. तू दारातून आत आलीस तेव्हा मी काय करत होते? आधी कोण बोललं? तू मला जवळ घेतलंस का? मला रडूही येतंय आणि तुझ्या घोरण्याचं हसूही येतंय.

चहाबरोबर काही खाऊन घ्या म्हणून नर्सनं तुझ्या पिशवीतला कागदाचा पुडा माझ्यापुढे ठेवला. आपलाच पाव. वर ब्लेडनं दिलेल्या चिरा डावीकडे झुकलेल्या. माझ्या हातून त्या उजवीकडे जातात, आई असतानापासून गिऱ्हाईकसुद्धा त्यावरून ओळखतं की हा थोरलीचा, हा धाकटीचा. म्हणजे ब्लेड तू धरलं होतंस. तू बेकरीत आली होतीस. मी चिरांवरून बोट फिरवत बसले.

मग चावा घेतला.

थू! काय तो खारटपणा! समुद्र परवडला. नर्सला तुकडा दिला तर तिनं तोंड असं केलं की विचारू नकोस, म्हणाली, ‘हे विकता तुम्ही?’ मी म्हटलं, नाही हो, आज चुकून दोनदा पडलंय.

दोनदा पडलंय, डावरे. एकदा तुझ्या हातून आणि एकदा माझ्या. आणि झाकण दोघींपैकी एकीनंही उलटं केलं नाही, भांडत असणार आपण, किंवा रडत, कोण जाणे. मला त्या सकाळचं काही आठवत नाही, पण ती माझ्या तोंडात आहे. एकटी होते तेव्हा पाव अळणी झाला होता. आज दोघी होतो.

तू उठलीस की मला सगळं सांग. दारातून आत आलीस तिथपासून. मी पुढच्या वेळी विसरले तर पुन्हा सांग. कंटाळलीस तर ओरड, पण सांग. आणि बेकरीत तो खारट घाणा पडलाय, तो न्हाव्याच्या हाती लागायच्या आत फेकायला हवा.

हा एक पाव मात्र मी फेकणार नाही. अख्खा खाणार आहे. ऊठ आता, आणि मला पाणी आणून दे.

ताई